दादाचं दंताळं

३ एप्रिल

पोचलो एकदाचे. दोन दिवस आगगाडी, मग बोट, आणि शेवटी एक लहानशी बस, जिच्यात मी, ठमी, आमची ट्रंक आणि कोबीची तीन पोती एवढेच प्रवासी होतो. दादा थांब्यावर उभा होता. पाच वर्षांत केस पिकलेत, पण उभा तसाच राहतो, कुणीतरी हजेरी घेणार असल्यासारखा. ठमीने त्याला पाहिलं होतं ते दोन वर्षांची असताना, त्यामुळे ती आधी माझ्यामागे लपली आणि पाच मिनिटांत मामाच्या खांद्यावर चढून बसली.

घर म्हणजे वाळूला लागून दोन खोल्या. पूर्वी इथे होड्यांचं सामान ठेवायचे म्हणे, भिंतींना अजून डांबराचा वास येतो. दारापासून वाळूपर्यंत बारा फळ्या टाकल्यात. दादाने ठमीच्या खाटेला स्वतःच्या हाताने कठडा केलाय, दोन वर्षांच्या मुलीला लागतो तेवढा उंच. तिचं वय त्याच्या डोक्यात तिथेच थांबलंय. ठमीने तो पाहून, मी काय शेळी आहे का, असं विचारलं. दादा इतका हसला की मलाच रडू आलं.

आपली भाषा बोलायला आता इथे तिघंच. दादा म्हणाला, रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर गंजते. म्हणून ही वही.

४ एप्रिल

दादाचं काम आज खिडकीतून पाहिलं. पालिकेने त्याला किनारा साफ ठेवायला नेमलंय. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते, तशी त्याची कामाची वेळही. एका हातात धातू शोधायचं यंत्र, खांद्यावर दंताळं, बगलेत पांढऱ्या झेंड्यांची जुडी. हळूहळू पाण्यापर्यंत जातो, माशांचे गळ, गंजलेल्या तारा, काचा वेचतो, आणि साफ झालेल्या पट्ट्याच्या कडेने झेंडे रोवतो. लोक म्हणे त्या झेंड्यांच्या बाहेर पाय ठेवत नाहीत. युद्धात सुरुंग काढायला शिकलेला माणूस इथे लहान मुलांच्या तळपायांची काळजी घेतो. मला फार बरं वाटलं.

परत येताना मात्र तो उलटा येतो. तोंड समुद्राकडे, एकेक पाऊल मागे, आणि आपलीच पावलं दंताळ्याने पुसत. थेट फळ्यांपर्यंत. बेकरीवाल्या बाईने हातवारे करून सांगितलं की सगळं गाव त्याला कर्नल म्हणतं. तो राजाच्या दरबारातून निघाल्यासारखा निघतो, हे दाखवायला ती दुकानात दोन पावलं मागे चालली आणि पावाचा ट्रे पाडून बसली.

जेवताना मी त्याला छेडलं. सवय आहे, म्हणाला. मग अगदी सहज दोन नियम सांगितले. वाळूवर त्याच्या मागून कुणी चालायचं नाही. आणि आम्ही कधी खाली उतरलोच तर येताना आपली पावलं पुसत यायचं. ही वाळू म्हणजे तुझी नुकती पुसलेली फरशी का, असं मी विचारलं. त्याने ठमीला आणखी भात वाढला.

७ एप्रिल

ठमी शाळेत रुळली. तीन शब्द आले तिला: हो, नाही, आणि ‘माझी पाळी’. मलाही शिडं शिवायच्या कारखान्यात घेतलं. आमचे राहण्याचे कागद दादाच्या नोकरीवर आहेत, आणि ती पक्की आहे, असं कचेरीतला कारकून म्हणाला.

आज ट्रंक रिकामी केली. तळाशी ठमीच्या बाबांचे बूट निघाले. ते आणि दादा एकाच तुकडीत होते. दादा पुढे, हे मागे, दादाच्या पावलात पाऊल टाकत. सुट्टीवर आले की घरातही तसेच चालून दाखवायचे. दादा त्यांना म्हणायचा, पाहुणे, मागे राहा, आणि हे सलाम ठोकायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. रांग सोडून पाय बाजूला पडला, खाली सुरुंग होता, असं दादाने लिहिलं होतं. पेटी बंद आली. उचलणारे म्हणाले होते की फार हलकी आहे. बूट वेगळे आले, पार्सलने.

दादाने ते माझ्या हातात पाहिले आणि बाहेर निघून गेला.

९ एप्रिल

दादा धक्क्याच्या पायऱ्यांवरून घसरला. घोटा सुजून नारळाएवढा झाला. डॉक्टरांनी आठवडाभर पाय टेकायचा नाही म्हणून बजावलंय. तरी कुबडी घेऊन निघाला होता, उंबरठ्यातच कोसळला. किनारा बंद ठेवा, असं त्याने पालिकेला कळवलं. पण सुट्टीचे लोक यायला लागलेत, आणि बेकरीवाली म्हणाली की असंच राहिलं तर दुसरा माणूस नेमतील.

दुसरा माणूस नेमला तर आमच्या कागदांचं काय?

१० एप्रिल

आज मी गेले. गोळीने दादाला झोप लागली होती. ओहोटी पावणेबाराला. यंत्र चालवणं काही कठीण नाही. सात गळ आणि एक चमचा सापडला. झेंडे सरळ रेषेत लावले. येताना सरळ पाठ फिरवून आले, उलटं चालायचा माझा हट्ट नाही. दंताळं खांद्यावरच राहिलं. बेकरीवालीने दारातून हात उंचावला. मला फार दिवसांनी आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

तासाभराने कपडे काढायला बाहेर गेले, तेव्हा वाळू पाहिली.

परतताना उमटलेली माझी पावलं होती तशीच होती, कॅनव्हासच्या बुटांची नक्षी स्पष्ट दिसत होती. पण प्रत्येक नक्षीवर आणखी एक पाऊल होतं. अनवाणी, मोठं, माझ्याच दिशेने येणारं. पाण्याकडून निघून अर्ध्या वाटेपर्यंत. तिथे थांबलेलं, वरच्या कोरड्या वाळूत माझी नक्षी संपते तिथेच.

डाव्या पायाची करंगळी उमटलेली नव्हती.

आंघोळ करून हे घरभर ओल्या पायांनी फिरायचे. मी ओरडायचे, आणि मग त्यांच्यामागे पुसत जायचे. चार बोटं आणि एक रिकामी जागा. दहा वर्षं मी ती पावलं पुसली आहेत. मी चुकणार नाही.

११ एप्रिल

दादाला सांगितलं नाही. आज मुद्दाम पावलं दाबून ठेवली, अगदी फळ्यांपर्यंत.

मी भ्यायला हवं होतं. पण माझा माणूस परका मुलूख ओलांडून माझ्या मागोमाग येतोय, आणि मी भिऊ? दुपारी शिडं शिवताना दोनदा सुई बोटात गेली. मी हसत होते.

तिन्हीसांजेला बूट पुसून दाराबाहेर ठेवले. माणसाने अनवाणी किती चालायचं?

१२ एप्रिल

बूट आत आले आहेत. दाराच्या आत, भिंतीला लावून, टाचा जुळवून. आतून ओले. मी हात घालून पाहिला. गार वाळू, आणि एक जिवंत कालव.

कडी आतून लावलेली होती. ती मीच लावली होती.

दादा विचारतोय, डांबराच्या वासात हा खाऱ्या पाण्याचा वास कुठून येतोय. शेजारची होडी गळतेय, असं सांगितलं. आयुष्यात प्रथम त्याच्याशी खोटं बोलले.

१३ एप्रिल

शाळेतून येताना ठमी दर चार पावलांनी मागे वळून बघत होती. काय गं, विचारलं तर म्हणाली, बाबा सारखे टाचेवर पाय देतात. अगदी सहज सांगितलं तिने, वर्गातल्या कुणाबद्दल कुरकुर करावी तसं. त्यांचे पाय गार आहेत, आणि ते बोलत नाहीत, फक्त मागे चालतात.

तिने बाबांना पाहिलं ते तीन वर्षांची असताना. तिला चेहरासुद्धा आठवत नाही.

घरात तिची ओली पावलं न्हाणीपासून खाटेपर्यंत. प्रत्येकावर एक मोठं. शेवटचं खाटेपाशी, कठड्याला अगदी लागून. तिथे पाण्याचं थारोळं. म्हणजे बराच वेळ उभे होते.

आज मला आनंद झाला नाही.

१४ एप्रिल

दादाने बूट पाहिले. ओरडला नाही. खाली बसून पाय लांब केला. मग सगळं सांगितलं.

तो किनारा असाच होता, सपाट. दादा पुढे, हे मागे. पाण्याच्या कडेला पोचल्यावर कळलं, तार कापायची कात्री मागेच राहिली. दादा म्हणाला, तुम्ही इथेच उभे राहा, मी घेऊन येतो. आपल्याच पावलांवरून तो परत आला. कात्री शोधण्यात वेळ गेला. भरती लवकर फिरली आणि पावलं पुसून गेली. मधे फक्त पंचवीस पावलं होती. यांना पोहता येत नव्हतं, आणि जिथे उभे होते ती एकच जागा साफ होती.

“मला वाट आठवत होती,” दादा म्हणाला. “बहुतेक आठवत होती. त्या बहुतेकसाठी मी एक तास कोरड्यात उभा राहिलो.”

यांनी शिव्या दिल्या नाहीत. दर थोड्या वेळाने एवढंच म्हणायचे, दादा, पुढे या, मी मागे आहे. पाणी गुडघ्याला आलं तेव्हा बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधून फेकले. तिला द्या, म्हणाले. दादाने ते झेलले.

सुरुंगावर पाय पडलेल्या माणसाचे बूट असे अख्खे कसे, हा प्रश्न मी चार वर्षं स्वतःला विचारला नाही. मलाही कोरड्यातच उभं राहायचं होतं.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात दादाला आपल्या पावलांवर ती पावलं दिसली. तेव्हापासून दंताळं. पावलं असतील तिथवरच ते येऊ शकतात. मी त्यांना दारापर्यंत आणलं.

मी त्याला एक शब्दही बोलले नाही. बोलायला हवं होतं. तो वाट बघत होता.

१५ एप्रिल

सगळी वाळू दंताळ्याने ओढली. फरशी तीनदा पुसली. ठमीला दिवसभर उचलून फिरवलं, जमिनीला पाय लागू दिला नाही. ती चिडली. सात वर्षांची आहे मी, म्हणाली.

दुपारी माझा डोळा लागला. दहा मिनिटं, फार तर. जागी झाले तेव्हा ती न्हाणीच्या दाराशी उभी होती, कुणाचा तरी हात धरल्यासारखा हात वर करून.

बूट पुन्हा फळ्यांवर. टोकं समुद्राकडे वळलेली.

१६ एप्रिल

चार वाजले. धुकं. ठमी नाही.

शाळेतून आली, दप्तर खाटेवर आहे. मी चूल बघत होते, दादा पाय शेकत होता. दार उघडं.

ओढलेल्या वाळूवर एकच रांग. या वेळी खाली मोठी पावलं, आणि त्यांच्यावर छोटी. पुढे ते. मागे ती. पाण्याकडे —

दादा गेला. कुबडी टाकून, लंगडत. जाताना म्हणाला, “ही रांग पुसू नकोस. तिच्यावरूनच मी तिला परत आणतो.” माझ्याकडे बघितलं नाही त्याने. मी म्हणायला हवं होतं, दादा, मी तुला —

साडेचार. भरती फिरली. धुक्यात काही दिसत नाही. मी उतरले तर रांग मोडेल, म्हणून दाराला कडी लावून खिडकीशी लिहीत बसलेय. कुठेतरी दादाचा आवाज, स्पष्ट नाही. कुणाशी तरी अहोजाहो करून —

पाच वाजून गेले. पहिल्या झेंड्याला पाणी लागलं. रांग अर्धी पुसली.

फळ्या वाजताहेत.

हलकी पावलं. ठमीची. देवा, ठमीची. तिच्यामागे आणखी एक, जड. दोन्ही पाय सारखे टेकतात — लंगडत नाही —

लंगडत नाही.

दारापाशी थांबली. ठमी बोलतेय.

“आई, दार उघड ना. मामा तिकडेच उभा राहिला. म्हणाला, पाहुणे, आता तुम्ही तिला घेऊन पुढे व्हा.”

दाराखालून पाणी येतंय. थोडंसं. गार.

दादा हाक मारतोय. माझं लहानपणचं नाव घेऊन. त्याची कुबडी इथेच पडलीय, आणि त्याच्यापर्यंत एकही पाऊल उरलेलं नाही. दुसरा झेंडा गेला. मी इथे बसून राहिले तर मीही एक तास —

नाही.

कडी काढते. ठमीला आत ओढून खाटेवर ठेवायचं, आणि त्यांच्याकडे न बघता खाली उतरायचं. माझ्या मागे कोण चालेल ते मला माहीत आहे. चालू दे. पंचवीस पावलं असतील. झेंडे मीच लावले होते, वाट मला आठवते, बहुतेक —