मधली तार

प्रिय अइकानिश,

माझ्या काळजाच्या तुकड्या, हे पत्र नाकाजवळ नेऊ नकोस. रॉकेलचा वास येईल. हाताला येतो, पावाला येतो, डोक्याच्या रुमालाला येतो. काल चहात दूध घातलं तर दुधालाही आला. शी! फोन का केला नाही म्हणशील, तर फोन मेलाय. का मेलाय ते शेवटी सांगते, आधी सांगितलं तर तू बाकीचं वाचायचीच नाहीस. तिसरीपर्यंत मी शाळेत गेले, पुढे मेंढ्यांनी मला परत बोलावून घेतलं, तेव्हा अक्षरं वाकडी असली तर चालवून घे. खिडकीशी ऊन आहे तोवर लिहितेय. नारीनला जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे पत्र देईन आणि सोबत कुरुतची पुडी. दही मी स्वतः टांगलं, गोळे स्वतः वळले, माश्या स्वतः हाकलल्या. त्याला त्याची पुडी वेगळी दिलीय. वाटेत त्याने तुझीही संपवली तर मला कळव, मग बघते त्याच्याकडे.

तुझ्या वीजकामाच्या शाळेतल्या चिनारा बाईंचा फोन आला होता, म्हणजे फोन जिवंत होता तेव्हा. बाई बोलतात गोड, पण रागावल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, तुमची नात वर्गात येत नाही. शिवणाच्या कारखान्यात नाव घातलंय म्हणे. शुक्रवारी शेवटची परीक्षा आहे, तिला बसणार नाही म्हणते." मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "म्हणते, माझ्या हातून लग्नघर जळालं असतं, मी पुन्हा तारेला हात लावणार नाही." ऐकून मला अशी शिसारी आली की काय सांगू. तुझी नाही गं, वेडे. तुझ्या डोक्यात हे ज्याने भरवलं त्याची. आणि तो माझ्याच पोटचा आहे, म्हणजे थुंकायचं तरी कुठे?

तुला तो हिवाळा आठवतो ना? तुझे आईबाप मॉस्कोला गेले आणि तू वह्यापुस्तकं घेऊन माझ्याकडे राहायला आलीस. मी चुलीशी लोकर कातायची आणि तू मोठ्याने घोकायचीस. आधी मला वाटलं पोरगी कलमा पाठ करतेय. मग कळलं की ही वीज नदीसारखी एका बाजूने वाहत नाही, करवतीसारखी मागेपुढे करते, आणि तरीही लाकूड कापते. मला ते लगेच पटलं. दोनशेवीस हा तिचा कामाचा आकडा, पण उसळी तीनशेच्याही वर जाते, असं तू सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, अगदी तुझ्या मुकाशकाकासारखं, आवाज तीनशेचा. तू म्हणालीस, "नाही आजी, विजेचं काम तरी दोनशेवीसचं असतं." किती हसलो आपण! चहा नाकातून आला होता माझ्या.

आणि एकदा तू रडत आलीस. तीन तारांचा भार मधल्या तारेवर, तुमच्या त्या न्यूट्रलवर, किती येतो, ते तू सरळ बेरीज करून आणलं होतंस, मेंढ्या मोजाव्या तसं, आणि चिनारा बाईंनी पानभर लाल रेघ मारली होती. त्या संध्याकाळी तू माझ्या नमद्याच्या जाजमावर लोकरीचे तीन धागे मांडलेस, एक लाल, एक पांढरा, एक तपकिरी, तिन्ही सारख्या लांबीचे. एक संपला की तिथून वळून दुसरा, तो संपला की वळून तिसरा. आणि तिसऱ्याचं टोक बरोबर जिथून निघालो तिथेच येऊन टेकलं. तू ओरडलीस, "आजी, बघ! तिघी सारख्या असल्या तर मधलीला कामच नाही!" मग लाल धागा लांब घेतलास, तर टोक काही जुळेना, फट राहिली. ती फट म्हणजे मधल्या तारेचं ओझं. तेव्हा मीच तुला म्हटलं होतं, अगं, मधली तार म्हणजे सासू. तिन्ही सुना सारख्या भांडल्या तर सासूला दिवसभर चहा पीत बसता येतं. एक जास्त चढली की सगळं सासूच्या डोक्यावर. आणि सासू मेली की? तू म्हणालीस, "मग सुना एकमेकींच्या झिंज्या ओढतात, आणि जी सगळ्यात हलकी ती सगळ्यात जास्त मार खाते." तो नमदा मी अजून झाडलेला नाही. पांढऱ्या धाग्याचा तुकडा चिकटलाय त्यावर, राहू दे.

आता लग्नाचं. तुला माहीत आहे ते परत सांगते, कारण तुला जे माहीत नाही ते त्याच्या पोटात आहे. मुकाशच्या लाकूड कापायच्या यंत्रासाठी त्याच्या घराला तिन्ही तारा येतात, त्याचा त्याला कोण तोरा! मुलाचं लग्न ठरलं, व्याही येणार, सुनेचा संसार घेऊन येणार: गालिचे, फ्रिज, टीव्ही, कपडे धुवायचं यंत्र, सगळं नव्या खोलीत मांडून, चालू करून पाव्हण्यांना दाखवणार. आणि अंगणात आपले दोन तंबू, विजेच्या शेगड्या, समोवार, गाणाऱ्याचे भोंगे. तू सकाळी आलीस, फाटकावर खडूने तीन तारांचे तीन बाण काढलेस आणि म्हणालीस, "काका, भार तिन्ही तारांवर सारखा वाटा. आणि मधल्या तारेचा जोड नीट क्लॅम्पने करा, पिळून नको." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मुकाश काय म्हणाला तेही ऐकलं. "पोरी, जेवताना मांस वाटायचा मान मला कळतो, वीज वाटायचा नाही कळत? एका रक्ताची माणसं एका कढईतलं खातात, तर एका तारेवर बसतील. व्याही मानाचे, त्यांच्या खोलीला स्वतंत्र तार. तिच्यावर दुसरं कुणी बसायचं नाही." जमलेले बाप्ये हसले. कोण तो भोंगेवाला, म्हणाला, "हिला नवरा मिळाला की त्यालाही तीन तारांत वाटेल ही." तू लाल झालीस आणि विजेची पेटी उघडून दोन स्क्रू आवळून आत निघून गेलीस.

संध्याकाळी मी मागच्या अंगणात मेंढ्यांची आतडी धूत होते. कोपरापर्यंत. मला कुठल्याही लग्नातलं तेवढंच काम मिळतं, कारण माझ्याइतकी स्वच्छ कुणी धूत नाही, आणि कारण बाकीच्या सगळ्यांना किळस येते. तेव्हा पुढचं मी पाहिलं नाही, वासाने ओळखलं. आतड्यांच्या वासाच्याही वर चढला तो वास! दिवे असे उजळले की मला मागच्या भिंतीवर माझी सावली दिसली, मग फटाफट फुटले. आपल्या तंबूंतल्या शेगड्या थंड पडल्या, आणि व्याह्यांच्या खोलीतला टीव्ही धूर ओकायला लागला. फ्रिज गेला, यंत्र गेलं. मानाची तार! तीन सुनांतली सगळ्यात हलकी ती होती, आणि सासू मेली होती. मी आतडं हातात घेऊनच धावले. पोहोचले तोवर गालिच्यावर पाण्याची बादली उपडी झाली होती, विहीणबाई बुरुलचा तोंडावर रुमालाचं टोक धरून उभ्या होत्या, आणि तू फाटकातून बाहेर पडत होतीस. हाक मारली तर वळली नाहीस. मुकाशने सगळ्यांना सांगितलं की पोरीने पेटीत हात घातला म्हणून झालं. तू तर काहीच बोलली नव्हतीस म्हणे. बोलणार कशी? व्याह्यांसमोर काकाला खोटं पाडणारी पोर आपल्याकडे जन्माला यायची आहे. तुझं तोंड बंद होतं ते मी समजते. पण पोरी, तोंड बंद ठेवता ठेवता तू ते खरंच मानायला लागलीस?

आता तुला माहीत नसलेलं. लग्न उरकलं, माणसं गेली, आणि त्या जळक्या फ्रिजला कुणी हातच लावला नाही, अपशकुन म्हणून. आत व्याह्यांनी मानाने आणलेलं अर्ध्या घोडीचं मांस होतं. ऊन पडलं. मग वास सुटला. अइकानिश, मी वसंतात मेलेल्या मेंढ्या पुरल्यात, पण असा वास नाही. कुत्रं लांबून जायला लागलं. नवी सून दाराआड ओकत होती, आणि शेजारणी तिच्याकडे बघून बोटांवर महिने मोजत होत्या, निर्लज्ज बायका! मी तोंडाला रुमाल बांधला, फ्रिज उघडला, आणि सगळं फावड्याने काढलं. मुकाश लांब उभा राहून "आई, जपून" म्हणत होता. जपून! त्याच दिवशी जिल्ह्याहून सागिन आला, तो विजेच्या खांबांचा माणूस, लांब पायांचा, कमी बोलणारा. खांबावर चढला आणि मधल्या तारेचा जोड कापून खाली टाकला. माझ्या पायाशी पडला. आठवतंय ना, तू म्हणाली होतीस पिळून नको? तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांत पिळलेलं, वर पिठाच्या पोत्याची चिंधी, आणि आत काय असेल? मेंढीच्या शेपटीची चरबी! करपून काळी झालेली. सागिन म्हणाला, "आजी, असा जोड मी जन्मात पाहिला नाही. हा तळलाय."

आता सांग, आपल्या गावात खोगिराला, बुटांना, दाराच्या बिजागऱ्यांना, सांध्यांना आणि स्वतःच्या मिशांना शेपटीची चरबी कोण चोपडतं? मी तो जोड उचलला, हुंगला, आणि चालत जाऊन मुकाशच्या नाकाखाली धरला. त्याची सून बघत होती, बघू दे म्हटलं. "हुंग. हे पोरीचं का?" तो म्हणाला, "पाऊस लागू नये म्हणून लावली, आई." मी म्हटलं, "आणि खोटं कशाला लावलंस?" तर म्हणतो, "व्याह्यांसमोर माझं नाक गेलं असतं." मी म्हटलं, "नाक असतं तर हा वास आधीच आला असता." खरं सांगते, मला माझ्या मुलाची किळस आली. पंचावन्न वर्षांचा बाप्या, आणि पोरीच्या पाठीआड लपतो.

पण मी तुझी आजी आहे, नुसती ओकत बसणारी नाही. मी त्याला व्याह्यांच्या दारी नेलं. मेंढा घेऊन, नवा चपान अंगरखा घेऊन, रीतसर चूक कबूल करायला. तिथे उंबऱ्याशी गुडघ्यावर बसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "जोड माझा होता. माझ्या पुतणीने नको म्हटलं होतं." त्याचा आवाज तेव्हा तीनशेचा नव्हता बरं. बुरुलचाबाईंनी चपान घेतला, मेंढ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "माणसं चुकतात. पण फाटकावर बाण काढणारी ती पोर कुठे आहे? आमच्या धाकट्याचं नवं घर बांधून होतंय. तारा तिने ओढाव्यात." मी म्हटलं, ओढेल, कागद हातात आला की ओढेल. तुला न विचारता सांगितलं. रागव. मला इतका आनंद झाला होता की परतीच्या वाटेवर मी एकटीच गात होते आणि मुकाश मेंढरासारखा खिडकीबाहेर बघत होता.

त्याच संध्याकाळी चिनारा बाईंचा फोन आला. म्हणून हे पत्र, असं तुला वाटेल. थोडं तसंच. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते माझ्या फाटकाजवळच्या खांबावर लोंबकळतंय. माझ्या घराची तार मुकाशच्याच हातची होती, तीही तशीच तळलेली. सागिनने गल्लीतले सगळे जोड नव्याने केले, आणि माझ्या दारी आला तेव्हा मी म्हटलं, कापायचं ते काप, जोडायचं नाही. तो म्हणाला, "आजी, बर्फ पडायला आलं, अंधारात काय करणार?" मी म्हटलं, माझी नात जोडेल. त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "परीक्षा पास झाल्याचा कागद असेल तर मी खाली उभा राहतो, तिला चढू दे." मुकाश रोज येतो, मी फाटक उघडत नाही. शेजारणी म्हणतात म्हातारी चळली. फोन मेला, टीव्ही मेला, दिव्याच्या काजळीने माझं नाक आतून काळं झालंय आणि या रॉकेलचा मला असा तिटकारा आलाय की झोपेतही नाक मुरडते. तरी मी मजेत आहे. अशी वाट मी तुझ्या आजोबांचीसुद्धा पाहिली नव्हती. शुक्रवारी परीक्षेला बस. शनिवारच्या गाडीने ये. आणि वर चढलीस की आधी मधली तार बांध, बाकीची नंतर. तूच शिकवलंयस मला.

तुझीच, अंधारात ठाण मांडून बसलेली,
आजी उमसुनाइ