हँडल डावीकडे वळवलं की

प्रिय भोंग्या,

बोटीवर पत्रं पोचतात का, कुणास ठाऊक. पोचलंच तर आधी हात धू आणि मग उघड. माझं अक्षर तसंही कुणाला लागत नाही, त्यात मासळीचं पाणी नको.

तुझी गाडी बंद पडली. धक्क्यावर किल्ली हातात देताना तू म्हणालास तेच झालं, फक्त फार लवकर झालं. आधी चढावर हॉर्न मेला, मग दिवा, मग सगळंच. नवा फ्यूज घातला की चार वळणं बरी जायची आणि पाचव्याला टप्प. खिशातले फ्यूज संपले तेव्हा तुझं बोलणं आठवलं, की अडलीच तर माझ्या बापाकडे ने, तिचं दुखणं त्यालाच कळतं, पण मी पाठवलं म्हणून सांगू नकोस. मग काही वाट ढकलत आणि उरलेली टोमॅटोच्या टेम्पोतून मी तुझ्या घरी आलो. त्या टेम्पोवाल्याची गोष्ट वेगळीच आहे. गडी गाडी चालवताना झोपतो आणि झोपेत गातो. सूर मात्र पक्का! असो, कुठे भरकटलो.

काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. तू टाकीला फासलेल्या हिरव्या रंगावरून नख फिरवलं आणि म्हणाले, रंग कुणी दिलाय, डोळे मिटून? बस, एवढंच. कुणाची गाडी, कुठून आणलीस, काही नाही. तू सांगू नको म्हणालेलास, त्यांनी विचारायचं नाही ठरवलेलं, आणि दोघांच्या मधे मी, हातात हेल्मेट घेऊन उभा. काकूंनी तेवढं ताट वाढताना विचारलं, नीट जेवतो ना तो? तो म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. जेवतो म्हणालो. दोन वेळा वाढून घेतो, असंही वर ठोकून दिलं.

मग काकांनी दोष शोधायला घेतला. तू लहानपणापासून बघितलं असशील, मी पहिल्यांदाच बघत होतो. शाळेत विजेचा धडा झाला तेव्हा मी बहुतेक कुंपणापलीकडे होतो. सगळी बटणं बंद करून त्यांनी फ्यूजच्या जागी एक साधा बल्ब जोडला. एखादी उघडी वायर सांगाड्याला टेकत असेल तर बल्ब पेटणार, नसेल तर विझलेला राहणार. फ्यूजमागून फ्यूज जाळत बसायला नको. किती सोपं! त्यांनी इकडची वायर हलवली, तिकडची ओढली, बल्ब ढिम्म. मी मधे येत होतो म्हणून बाजूला व्हायला हँडल डावीकडे ढकललं आणि बल्ब लख्ख पेटला. उजवीकडे नेलं, विझला. डावीकडे, पुन्हा लख्ख. टाकीखाली, हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा वाकतो ना, तिथेच एक वायर घासून सोलली होती. मला दिसलं. काकांनाही दिसलं. त्यांनी बल्बकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, उद्या मागचा दिवा खोलून बघू.

तेव्हापासून मी इथेच आहे. मागचा दिवा खोलला, पुसला, बसवला. मग हॉर्न, मग इंडिकेटर, मग मागचा दिवा पुन्हा एकदा. तुझ्या गाडीचे एवढे लाड नवी असतानाही झाले नसतील. फक्त मानेपाशी कुणी हात लावत नाही. कोपऱ्यावर एखादी गाडी हळू झाली की काकांचा स्क्रूड्रायव्हर थांबतो. ती पुढे गेली की परत फिरायला लागतो. गाडी इथे आहे म्हटल्यावर गाडीवाला कधीतरी न्यायला येणारच, असा त्यांचा हिशोब असावा. तोवर मला गहाण ठेवलंय.

तुझ्या खाटेवर झोपतो. तुझ्या मापाच्या खड्ड्यात माझी पाठ काही बसत नाही. खिडकीतून तेलाची पिंपं आणि त्यामागची भिंत दिसते. एवढंच बघून तू मोठा झालास? मग बोट बरी. दार दिवसभर उघडं असतं रे. कुणी रागावलं असतं, हाकलून दिलं असतं, तर मी केव्हाच पळालो असतो. पळण्यात माझा हात कुणी धरणार नाही, तुला माहीत आहे. वायर जोडून टेप गुंडाळायची, चहा निवायच्या आत होईल एवढंच काम. टेप माझ्या खिशातच आहे. तसा गाडीपाशी जातोही. गेलो की काकू खरंच चहा घेऊन येतात, मी कप धरतो, आणि टेप खिशात राहते.

आज सकाळी काका गाडीखाली आडवे होते. हात बाहेर काढून म्हणाले, भोंग्या, दहाचा पाना दे. मी दिला. पाना घेतलेला हात जरा वेळ तसाच बाहेर राहिला. मग जेवायच्या वेळी त्याच नावाने दुसरी हाक आली आणि मी पार पिंपांपासून ओ दिली. म्हणून हे लिहितोय. कायमचा परत ये असं म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण एकदा ये. त्यांच्यासमोर उभा राहून हँडल डावीकडे वळव आणि बल्ब पेटलेला दाखव, म्हणजे त्यांना दिसलं म्हणावंच लागेल. मग गाडी तू ने नाहीतर मला दे, पण मला सोडव. आणि उशीर करू नकोस. तुझी निळी पॅन्ट मला लांब होत होती, तर काकूंनी ती खालून दुमडून शिवली. नुसती दुमडली, कापली नाही, हे मी बघून ठेवलं होतं. आत्ता तुझी राखाडी पॅन्ट घेऊन बसल्यात, आणि बाहेरून कात्रीचा आवाज येतोय.

तुझाच,
मागच्या सीटवरचा