करवलीचा मान

बुलढाणा,
४ फेब्रुवारी २०२५

चि. भार्गवीस
अ. उ. आ.

कुशलचं पुष्पांजलीशी लग्न तेवीस तारखेला मोताळ्यात ठरलं. धाकट्या भावामागे करा-दिवा घेऊन करवली म्हणून तूच उभी राहायचं, हे सांगायला नको. तुझी आई तर आत्तापासूनच हवेत आहे. पण एक अट. आदल्या दिवशी देवक बसेल तेव्हा सगळ्यांसारखे हात जोडायचे, आणि तुझं ते चर्च पाहुण्यांच्या कानी जाऊ द्यायचं नाही. सोयरीक मोडायला एवढंही पुरतं. गळ्यातला क्रॉस अकोल्यालाच ठेवून ये.

तुझे बाबा,
चिंतामण

अकोला,
९ फेब्रुवारी

ती. बाबांना
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. करा धरीन, दिवा धरीन, कुशलला हळदीने माखून त्याची टिंगलही करीन. रविवारची उपासना सोडून लग्नाला जाते म्हणून इथल्या मंडळीत बोलणी खाल्ली, तीही पचवली. पण देवकापुढे हात जोडले तर ते नाटक होईल. आपण होऊन मी कुणाला काही सांगणार नाही, पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. येशूवर प्रेम करते म्हणून तुमच्यावरचं कमी झालं, असं कसं हो वाटतं तुम्हाला? मला येऊ द्या. आईला नमस्कार. लोभ तुटू देऊ नये.

तुमची,
भार्गवी

बुलढाणा,
१३ फेब्रुवारी

चि. भार्गवीस आशीर्वाद.

मग येऊ नकोस. तुझी नर्सिंगची परीक्षा आहे, असं मी पाहुण्यांना सांगून टाकलं आहे.

बाबा

बुलढाणा,
१८ फेब्रुवारी

चि. भार्गवीस
अ. उ. आ.

हे पत्र कुशलच्या हाती पाठवतो आहे, पोस्टाचा भरवसा नाही.

काल पुष्पांजलीच्या आई शालूबाई आल्या होत्या. करवलीचा मान, म्हणजे लुगडं, वराच्या बहिणीच्याच हाती द्यायचा, दुसरीच्या नाही, ही त्यांच्याकडची रीत. परीक्षा आहे तं मीच अकोल्याले जाऊन पोरीले देईन, असं म्हणू लागल्या. माझी पाचावर धारण बसली. शेवटी मीच सगळं सांगितलं. परीक्षा नाही, मुलगी येशूला मानते, देवकाला हात जोडणार नाही म्हणून मीच तिला येऊ नको म्हटलं. सोयरीक मोडली, असंच मी धरून चाललो. शालूबाईंनी मग पोरीले कोणता रंग आवडते, एवढंच विचारलं. मला सांगता आला नाही.

तू ये. देवकाच्या वेळी स्वयंपाकघरात बस, कुणी हाक मारणार नाही. क्रॉस काढू नकोस.

एक विचारायचं आहे. दिवाळीला निघताना तू माझ्या पाया पडली नाहीस, नुसता हात हातात घेतलास. तुमच्या देवाला बापाच्या पाया पडलेलं चालत नाही का? चालत नसेल तर राहू दे. पण तसं कुशलजवळ सांगून ठेव, म्हणजे सगळ्यांसमोर मी पाय पुढे करणार नाही.

तुझे,
बाबा