निरसनाचा रकाना

प्रिय ताई,

परवा चहा अर्धवट टाकून तुझ्या घरून निघालो, त्याचं कारण ऑफिसचा फोन हे नव्हतं. फोन आलाच नव्हता. तू दाराशी डबा घेऊन उभी होतीस आणि मी बंद फोन कानाला लावून पायऱ्या उतरत होतो. पन्नाशीला आलेला माणूस आणि ही असली सोंगं!

पवनचक्कीच्या कंपनीत मी नेमकं करतो काय, असं भाऊजी नेहमी चेष्टेनं विचारतात. करतो ते इतकंच: सभा घ्यायची, लोकांच्या शंका रजिस्टरमध्ये लिहायच्या, उत्तर द्यायचं आणि शेवटच्या रकान्यात 'निरसन झाले' असं लिहायचं. आवाज होईल का, पक्षी मरतील का, विहिरी आटतील का. बरीचशी उत्तरं खरीही असतात. पवनचक्की काही राक्षस नाही. पण रकाना रिकामा दिसला की साहेबांची भुवई वर जाते, म्हणून मी तो कधीच रिकामा ठेवला नाही.

शाळेच्या हॉलमधल्या सभेत तू उठलीस तेव्हा मला आश्चर्यच वाटलं. दुकानात कापडाचा रंग बदलून मागायलाही तू मला पुढे करायचीस. तू विचारलंस, सूर्य टेकडीमागून वर येतो, मध्ये पाती आली तर त्यांची सावली माझ्या शिवणाच्या खोलीत फिरत राहील का? दोनशे माणसांत तेवढा एकच नेमका प्रश्न होता. मी माईक उचलला आणि म्हणालो, आमची ताई लहानपणापासून स्वतःच्या सावलीलाही घाबरते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. हॉल हसला. तूही हसल्यासारखं केलंस, चष्मा पुसलास आणि खाली बसलीस. मी लिहिलं, 'निरसन झाले'. ताई, सावलीला घाबरायचो मी. शाळेतून येताना तू मुद्दाम माझ्या मागून चालायचीस, म्हणजे तुझ्या सावलीत माझी दिसेनाशी व्हायची. तुला हे आठवत असणारच, तरी चारचौघांत तू मला उघडं पाडलं नाहीस.

परवा सकाळी तू दूध आणायला गेलीस तेव्हा मी तुझ्या मशीनवर जाऊन बसलो. टेकडीवर आता उभी राहिलेली पवनचक्की फिरत होती. ऊन आलं, गेलं, आलं, गेलं. सुई दिसायची, दिसेनाशी व्हायची. पाच मिनिटांत माझं डोकं गरगरायला लागलं. तुझ्या बोटाच्या पट्टीबद्दल विचारलं होतं, तर तू म्हणालीस, वय झालं, हात चुकतो. भाऊजींनी खरं सांगितलं. सकाळचं शिवण तू बंद केलं आहेस, दुपारनंतर डोळे साथ देत नाहीत, गणवेश वेळेवर जात नाहीत आणि शाळा आता दुसरा शिंपी बघते आहे. मग ताई तक्रार का करत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुझी नोकरी जाईल म्हणून. तेव्हाच मी कप खाली ठेवला आणि बंद फोन कानाला लावला.

अजून एक सांगायचं राहिलं आहे. जनाची नाही, तर निदान मनाची म्हणून सांगतो. सावली कुठे पडणार याचा नकाशा सभेच्या आधी चार दिवस माझ्या टेबलावर होता. त्यात तुझं घर होतं. साहेबांनी बजावलं होतं, कुणी विचारलं तरच बोला. आणि तू विचारलंस.

रोज सकाळी तेवढा वेळ पवनचक्की थांबवता येते, पण त्यासाठी शंका रजिस्टरात उघडी असावी लागते, आणि मिटलेली शंका जो मिटवतो त्यालाच पुन्हा उघडता येते. आज मी ती ओळ खोडली, शेजारी 'मी खोटं लिहिलं होतं' असं लिहून सही केली. नकाशाची प्रत याच पाकिटात आहे. गुरुवारी साहेब तुझ्याकडे येतील, काही तक्रार नाही अशा कागदावर सही मागतील. भावाच्या नोकरीचा विचार करा, असं अगदी गोड बोलून सांगतील. तू पेन उचलशील, हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून त्यांच्या आधी हे पत्र पोचायला हवं. ताई, या वेळी मला वाचवू नकोस.

तुझाच, तोंड दाखवायला लाजणारा,
धाकटा