तिसरी गाडी, लिटरला सहा

३ मार्च
लिटरला सहा! गाडी पितेय की अंघोळ करतेय? टाकी काठोकाठ भरली, हिला डायलिसिसला नेलं, आणलं, परत भरली. सहाच. पहिलं मॉडेल सात द्यायचं, पण ते होतंच रेडा. दुसरं नऊ. हे तिसरं, बिनक्लचचं — दहाच्या खाली कधी आलं नव्हतं. आता धाकटी थोरलीपेक्षा खादाड!
ही म्हणाली, "अहो, वय झालं की आपली नाही का कुरकुर सुरू होत?" आपली म्हणे. माझी नाही.

६ मार्च
मुलाचा फोन. "बाबा, ते धूड भंगारात द्या. छोटी घ्या, वीस देते." घ्या म्हणे! डायलिसिस झालं की हिला बसवत नाही, मागच्या सीटवर आडवी होते. छोटीत काय घडी घालून ठेवू? अँब्युलन्सवाल्याला आज बोलवा, उद्या उगवतो. आणि एक खेप चुकली की हिच्या अंगात पाणी चढतं, धाप लागते. गाडी गेली म्हणजे ही गेली. त्याला बोललो नाही. ठेवला फोन.

१० मार्च
प्लग बदलले. फिल्टर बदलला. हवा मारली. सहा! पंपवालाच भेसळ करतो, दुसरं काय.

१३ मार्च
दुसरा पंप. साडेपाच.

१६ मार्च
गॅरेजवाल्याने दोन दिवस फिरवली. "काका, माझ्याकडे दहा देते." मग शेजारी बसला — चालवा आता. चौकापर्यंत गेलो नाही तोच खाली वाकून बघतो. "काका, डावा पाय कुठंय?"
कुठे असणार, जागेवर!
"ब्रेकवर आहे."
काहीतरीच! वाकून बघितलं. आहे. पहिल्या दोन गाड्यांत तिथे क्लच होता. जन्माची खोड, पाय आपला तिकडे जाऊन बसतो. आधी कळायचं, काढून घ्यायचो. आता कळतच नाही. चाक उतरवून दाखवलं त्याने — ब्रेकचा कोळसा. "उतारावर लागला नसता, काका."
घरी येऊन तळव्याला सुई टोचली. काही नाही. रक्त दिसलं तेव्हा कळलं. उजवाही तसाच! साखरेने बधिर झालेत. डॉक्टर बोलला होता, मी म्हटलं नसती थेरं.

१७ मार्च
किल्ली गॅरेजवाल्यापुढे टाकली. "एखाद वेळ मी नेईन काकूंना," म्हणाला. भला माणूस. पण एखाद वेळ!

१८ मार्च
हिला सांगितलं सगळं. पाय, ब्रेक, सगळं. म्हणाली, "माहीत होतं. मागे पडल्या पडल्या जळका वास येतो."
मग बोलायचं नाही का गं? दोघंही मेलो असतो!
"बोलले असते तर एकटीच मेले असते."