उंच धरलेली छत्री

प्रिय अरवा,

तुझे खारकीवचे फोटो बघून तुझी ही दादी इतकी खूश झालीय, की इथे सौदीत, शराफिया मोहल्ल्यातल्या आमच्या जिन्यावरची एकही बाई सोडली नाही, सगळ्यांना दाखवले. सोनेरी घुमट, आत एकही बाक नाही, बायका डोकं झाकून उभ्या, आणि त्यांच्यात तूही, इथे ओढणी खांद्यावर टाकून फिरणारी! मी सांगत सुटले, पोर परदेशात जाऊनही मशीद सोडत नाही. शेजारच्या मुन्नीने चष्मा लावला नि म्हणाली, चाची, वर क्रूस आहे. हसता हसता तिचा चहा सांडला. तिकडे चर्चमध्येही बायका डोकं झाकतात, हे चौथी शिकलेल्या बाईला कुठून कळणार? ते लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं चर्च मात्र फार आवडलं हो मला.

पण मग मी फोटो पुन्हा नीट बघितले. चर्च, कारंजं, तो अफाट चौक. दर वेळी तुझ्याबरोबर नवीच माणसं, आपल्याकडची, आईबापांच्या वयाची. तुझ्या हातात मात्र तीच पिवळी छत्री, उंच धरलेली. ऊन नाही, पाऊस नाही. मी तीन उमरे केलेत बाई. तिथे यात्रेच्या गर्दीत माणसं चुकू नयेत म्हणून पुढे चालणारा अशीच छत्री वर धरतो. तू फिरत नाहीस, लोकांना फिरवतेस. एका फोटोत मागे घड्याळ आहे, सकाळचे दहा. डॉक्टरकीचे वर्ग तेव्हाच असतात ना? मुन्नीची लेक रुमाना सुट्टीला आलीय, तिकडे तुझ्याच खोलीत राहते म्हणून तिला विचारलं, तर ती आपल्या चपलांकडे बघत बसली.

आता खरं लिहिते. मोबाइलच्या दुकानांत यापुढे फक्त सौदीच, असा हुकूम निघाला आणि तुझ्या अब्बाची नोकरी गेली. तुला सांगायचं नाही, अशी आम्हाला ताकीद आहे. पण तुला कळलंय, म्हणूनच हे काम धरलंस, हो ना? पुढच्या गुरुवारी तो तुझं परतीचं तिकीट काढणार, शिक्षण बंद. फोनवर बोलले तर त्याच्या कानावर जाईल, म्हणून चिठ्ठी रुमानाच्या हाती देतेय. ती उद्या निघते. वर्ग सोडलास का, हो की नाही, एवढंच मुन्नीच्या फोनवर कळव. नाही म्हणालीस तर मी त्याच्यासमोर बसेन, मग बघू कसं तिकीट काढतो. हो म्हणालीस तरी बसेन, फक्त आधी तुझ्यावर ओरडेन. पण खोटं सांगून मला माझ्या लेकासमोर बसवू नकोस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच दादी