परसातल्या कपच्या

महाड, ३ मार्च २०२५

चि. दीक्षास,
ललिताआत्याचा सप्रेम जयभीम.

फोनवर तू रडतेस आणि कामाचं राहून जातं, म्हणून लिहिते. तुझ्या बाबांच्या मागे करायचं पुण्यानुमोदन तेवीस तारखेला ठेवलं आहे. पोलादपूरची मंडळी येतील, पंगत परसात बसेल. दिवाळीत तुम्ही बापलेकींनी दगड फोडून केलेला पसारा अजून तिथेच आहे. मुलगी आदिमानवाची हत्यारं घडवते आणि निवृत्त एसटी ड्रायव्हर शेजारी बसून बोटं चेचून घेतो, हे मी पलीकडच्या घरातल्या खतीजाभाभींना कसं समजावलं ते माझं मला ठाऊक.

वेळेवर जेवत जा.
तुझी आत्या

पुणे, ८ मार्च

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

परस झाडू नकोस, हात जोडते. फोन केला तर रडेन आणि तू ठेवून देशील.

माणूस बसून दगड घडवतो तेव्हा कपच्या त्याच्याभोवती पडतात, मांडीखालची जमीन तेवढी मोकळी राहते. हजारो वर्षांपूर्वी कोण कुठे बसलं होतं, ते आम्ही पुरातत्त्ववाले त्यावरून ओळखतो. घडवणारा शिकाऊ की मुरलेला, तेही कपचीवरून कळतं. शिकाऊची जाड, तुटकी निघते. बाबांची तशीच निघायची. एवढी मोठी गाडी ऐकायची, हा टिचभर दगड ऐकत नाय गो, असं म्हणून हसायचे.

अंत्यविधीच्या गर्दीत परसात जाणं झालं नाही. आता मला काही मोजायचं नाही. बाबा बसले होते ती जागा फक्त बघायची आहे.

तुझी दीक्षा

महाड, १३ मार्च

चि. दीक्षास,
जयभीम.

पत्र आज मिळालं. मांडववाला येणार म्हणून परस कालच झाडला. मदतीला आलेल्या चंद्राबाईने सारवूनही टाकला. कपच्या घमेल्यात भरून नदीत टाकल्या. अनवाणी माणसांचे पाय कापले असते. जागा गेली, दीक्षा. त्याला आता इलाज नाही.

तुला एक ठाऊक नाही. दिवाळीनंतर तू पुण्याला गेल्यावर सहदेव, तुझा बाप, रोज तिथे जाऊन बसायचा. पोरगी येईल तेव्हा एक तरी धड कपची काढून दाखवीन, म्हणायचा. मी म्हणायचे, म्हातारपणी पोरखेळ पुरे, आत ये.

तुझं पत्र वाचून त्याचा खुंटीवरचा सदरा काढला. खिशात रुमालात गुंडाळलेली एक कपची आहे. पातळ, आंब्याच्या पानासारखी. धार एवढी की माझं बोट कापलं. ही शिकाऊची की मुरलेल्याची, मला कळत नाही. तू येऊन सांग.

आणि यापुढे फोन कर. रडलीस तरी ठेवणार नाही.

तुझी आत्या